बिनआगीच्या उजेडाचा हिशेब

मे संपत आला की जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत काजवे निघतात. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथल्या काजव्यांना आता बॅनर आणि बुकिंग लाभलं आहे. इकडच्या काजव्यांच्या वाट्याला तेवढी गर्दी आलेली नाही, हे त्यांचं भाग्यच म्हणायचं. पण काजव्यांबद्दल, आणि एकूणच आगीशिवाय दिसणाऱ्या उजेडाबद्दल, जे बोललं जातं ते सगळीकडे सारखंच. त्यातल्या काही समजुती जुन्या, पाड्यावरच्या आजीने सांगितलेल्या. काही अलीकडे मोबाइलवरून आलेल्या, शास्त्राच्या भाषेत बोलणाऱ्या. माझ्या मते दुसऱ्या जास्त चिवट. आजीच्या गोष्टीवर नातू निदान शंका तरी घेतो.

उजेडाच्या दोन जाती आहेत: गरम आणि थंड. लोखंड तापवलं की आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं दिसतं, तो गरम जातीचा. चुलीतला निखारा, जुना पिवळा बल्ब आणि सूर्य हे सगळे याच जातीचे. त्यांचा रंग तापमान ठरवतं. दुसऱ्या, थंड जातीच्या उजेडात पदार्थ तापवावाच लागत नाही. त्यातल्या इलेक्ट्रॉनांना कुठून तरी ऊर्जा मिळते, ते वरच्या पातळीवर चढतात आणि खाली येताना ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपात टाकून देतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आयलहार्ड वीडेमान यांनी १८८८ मध्ये या सगळ्या प्रकारांना मिळून ‘ल्युमिनेसन्स’ असं नाव दिलं. ऊर्जा रसायनातून येवो, विजेतून येवो, दुसऱ्या प्रकाशातून येवो की नुसत्या घासण्यातून, ती कुठून तरी यावीच लागते. ‘ही ऊर्जा आली कुठून?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी पुढचे बहुतेक गैरसमज जागच्या जागी बसतात.

‘काजव्याच्या पोटात फॉस्फरस असतो’

हे सर्वांत जास्त ऐकू येतं, तेही शिकलेल्यांकडून. याचं मूळ १६६९ मध्ये आहे. हांबुर्गचा हेनिग ब्रांड मूत्र आटवून त्यातून सोनं काढायच्या नादात होता. सोनं नाही मिळालं. मिळाला तो मेणासारखा, अंधारात फिकट हिरवा दिसणारा एक पदार्थ, म्हणजे पांढरा फॉस्फरस. तेव्हापासून अंधारात जे जे चमकलं ते लोकांनी त्याच्याच नावावर मांडलं: काजवा, सडकं लाकूड, समुद्राची लाट, घड्याळाचे काटे. पांढरा फॉस्फरस हवेत तिशीच्या पुढच्या तापमानाला स्वतःहून पेट घेतो. काजव्याच्या पोटात तो खरोखर असता तर मोखाड्याच्या मे महिन्यात एकही काजवा झाडापर्यंत पोचला नसता.

काजव्याच्या पोटाच्या टोकाशी असतं ते ल्युसिफेरिन नावाचं रसायन. त्याच्या एका रेणूत गंधकाचे दोन अणू आहेत, फॉस्फरसचा एकही नाही. हे रसायन ऑक्सिजनशी जुळतं तेव्हा प्रकाश पडतो, पण ते आपलं आपण जुळत नाही. त्याला ल्युसिफेरेज नावाचं विकर लागतं. या जोडीचा शोध फ्रान्सच्या राफाएल द्युब्वा यांनी १८८० च्या दशकात फार साध्या रीतीने लावला. चमकणाऱ्या भुंग्याचा प्रकाश देणारा भाग थंड पाण्यात कुस्करला, तर ते पाणी थोडा वेळ उजळून विझलं. दुसरा भाग गरम पाण्यात टाकला, तर लगेच विझला. दोन्ही विझलेली पाणी एकत्र केली आणि उजेड परत आला. थंड पाण्यात रसायन संपलं होतं पण विकर शिल्लक होतं. गरम पाण्यात विकर मेलं होतं पण रसायन शिल्लक होतं. असा स्वच्छ प्रयोग विज्ञानाच्या इतिहासात कमीच सापडतो.

यात एक तिसरा भागीदार आहे, हे १९४७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकेलरॉय यांनी दाखवलं. प्रयोगासाठी लागणारे काजवे त्यांनी बाल्टिमोरच्या पोरांकडून पैसे देऊन गोळा करवले होते. तो भागीदार म्हणजे एटीपी, सगळ्या सजीवांच्या पेशींत ऊर्जेची ने-आण करणारा रेणू. त्यात फॉस्फेटचे तीन गट असतात. म्हणजे काजव्यात फॉस्फरस अजिबात नाही असं कुणी म्हणू नये. पण तसा तो तुमच्या-माझ्या दंडातही आहे, आणि नांगर धरताना कुणाचा दंड चमकलेला पाहण्यात नाही. शेतकरी त्याला स्फुरद म्हणून ओळखतो. सुपर फॉस्फेटची गोणी रात्रभर घरात पडून असते आणि तिच्या उजेडात कुणी भाकरी खात नाही.

या माहितीचा आज रोजचा उपयोगही होतो. रुग्णालयात किंवा अन्नाच्या कारखान्यात ओटा नीट पुसला आहे की नाही हे पाहायला कापसाचा बोळा फिरवून तो काजव्याच्या या दोन रसायनांत बुडवतात. जंतू किंवा अन्नाचे कण उरले असतील तर त्यांच्यातल्या एटीपीमुळे उजेड पडतो आणि यंत्र तो मोजतं.

‘थंड उजेड म्हणजे शंभर टक्के कार्यक्षम, काही वाया जात नाही’

पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जात होतं की काजव्याच्या शंभर रासायनिक क्रियांमागे अठ्ठ्याऐंशी वेळा प्रकाशाचा कण निघतो. १९६० च्या मोजणीतून आलेला हा आकडा पुढे शंभराच्या आसपास फुगला, आणि ‘निसर्गाचा परिपूर्ण दिवा’ हे बिरुद चिकटलं. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी नव्या उपकरणांनी पुन्हा मोजलं तेव्हा तो सुमारे एकेचाळीस टक्के निघाला. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा क्रिया होते पण उजेड पडत नाही, आणि ती ऊर्जा उष्णतेतच जाते. तरीही जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा हे कितीतरी बरं. तो बिचारा विजेचा सुमारे पाच टक्केच भाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात बदलतो.

थंड म्हणजे दुबळा, असाही एक उलटा समज आहे. काजव्याच्या हिरवट-पिवळ्या उजेडाची तरंगलांबी ५६० नॅनोमीटरच्या आसपास असते. नुसतं तापवून एखाद्या वस्तूच्या प्रकाशाचा जोर त्या रंगावर आणायचा तर ती सुमारे ४,९०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी लागेल. लोखंड त्याच्या कितीतरी आधी वितळून उकळलेलं असतं. तेवढं काम हा किडा रात्रीच्या हवेत, स्वतःचं अंग न तापवता करतो. पोरं त्याला तळहातावर घेतात आणि हाताला काही जाणवत नाही.

‘पहिल्या पावसाचे शिंतोडे पडले की काजवे जन्मतात’

रोहिणी सरून मृग लागायच्या सुमारास काजवे भरात असतात, म्हणून हा समज साहजिक आहे. शेतकऱ्याने काजव्यांची गर्दी पाहून पावसाचा अंदाज बांधावा यातही वावगं काही नाही. मॉन्सूनआधी हवेत ओल वाढते आणि तिच्याशी काजव्यांच्या निघण्याचा संबंध आहेच. मात्र जन्म तेव्हाचा नाही. झाडावर दिसतो तो काजव्याच्या आयुष्याचा शेवटचा तुकडा, दोन-तीन आठवड्यांचा. त्याआधी कित्येक महिने तो अळीच्या रूपात जमिनीवर, ओल्या पाचोळ्यात घालवतो. अळी गोगलगाई आणि गांडुळं खाते. भक्ष्याच्या अंगात पाचकरस सोडून त्याला मऊ करून मग शोषते. पावसाळ्यात बांधाच्या कडेला गवतात एखादा न उडणारा, हळूहळू सरकणारा हिरवा ठिपका दिसतो, तो तीच. अनेक जातींचे प्रौढ काजवे तर खाणंच जवळजवळ सोडून देतात.

आता मघाचा प्रश्न इथे लावून पाहा. जूनमध्ये ऐन, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर यांच्या फांद्यांवर जो उजेड लुकलुकतो, त्याचं इंधन आलं कुठून? आधीच्या ओल्या महिन्यांत पाचोळ्यात फस्त केलेल्या गोगलगाईंमधून. म्हणून काजवे टिकवायचे तर झाडापेक्षा झाडाखालची जमीन आधी पाहावी लागते. उन्हाळ्यात वणवा लागून रानाचा पाचोळा जळतो तेव्हा अळीचं घर आणि शिकार दोन्ही जातात. ओढ्याकाठी तणनाशक मारलं, डोंगर जेसीबीने सपाट करून त्यावर ‘निसर्ग रिसॉर्ट’ उभारलं, तरी तेच. मग काजवे ‘रुसले’ म्हणायचं.

चमकतात ते मुख्यतः नर, मादीला बोलावण्यासाठी. मादी झुडपात बसून उत्तर देते. हे संभाषण अंधारातच होऊ शकतं. गाडीचा हेडलाइट, मोबाइलचा फ्लॅश, जेवणाच्या तंबूवरची एलईडीची माळ लागली की ते तुटतं, आणि ज्यांच्याकडे दोन-तीनच आठवडे आहेत त्यांना एकेक रात्र महागात पडते. एका झाडावरचे सगळे काजवे एका ठेक्यात चमकू लागले की ‘त्यांचा मुख्य काजवा ताल देतो’ असंही काही वाटाडे सांगतात. मुख्य कुणी नसतो. प्रत्येक किड्याच्या आत स्वतःची लय असते आणि शेजारी चमकला की तो आपली लय थोडी मागेपुढे सरकवतो. असं प्रत्येकजण करत राहिला की काही वेळात सगळं झाड एकत्र पेटतं आणि विझतं.

इथेच छायाचित्रांचंही सांगून टाकतो. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रात अख्खी दरी सोनेरी ठिपक्यांनी भरलेली असते. ते एका क्षणाचं दृश्य नसतं. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, प्रत्येकी काही सेकंदांचे बरेच फोटो घेऊन ते एकावर एक रचलेले असतात. फोटो खोटा नाही, पण त्यात अर्ध्या तासाचे काजवे एका डोळ्यापुढे मांडलेले असतात. तो पाहून आलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांतच ‘एवढेच?’ म्हणतो आणि मग टॉर्च लावून शोधू लागतो.

‘समोरच्या डोंगरावर फिरणारा दिवा म्हणजे आग्या वेताळ’

कोकणापासून घाटमाथ्यापर्यंत ही गोष्ट आहे: रात्री दूरवर उजेड दिसतो, चालतो, दोनाचे चार होतात, नाहीसा होतो. यावर मोबाइलवरून शास्त्रीय उत्तर येतं की दलदलीतला मिथेन वायू पेटतो. हे उत्तर मला वेताळापेक्षाही कच्चं वाटतं. मिथेन आपोआप पेटायला ५०० अंशांहून जास्त तापमान लागतं. त्याच्याबरोबर स्वतःहून पेटणारी फॉस्फरसयुक्त संयुगं येतात असं पुढचं पालुपद असतं, पण ती पेटली तर आग लागेल, धूर होईल, गवत करपेल. शिवाय दलदल कुठे आहे? जव्हार-मोखाडा हा बेसॉल्टचा उतार. पडलेला पाऊस इथे थांबत नाही, म्हणून तर तीन मीटरच्या आसपास पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये बायकांना हंडे घेऊन झऱ्यापर्यंत उतरावं लागतं.

पहिल्या पावसात डोंगरावर दिवे फिरतात त्याचं साधं कारण गावात कुणालाही ठाऊक असतं. खेकडे पकडायला आणि वळगणीचे मासे धरायला माणसं रात्री ओढ्यावर जातात, पूर्वी टेंभे घेऊन, आता बॅटऱ्या घेऊन. ओढ्याचं वळण आलं की दिवा झाडीआड जातो, दोघं वेगळे झाले की दोनाचे चार होतात. मोखाड्याच्या बोहाड्यात मशालीच्या उजेडात देवदानवांचे मुखवटे नाचताना पाहिलेल्या पोराने त्या दूरच्या दिव्यांत वेताळ पाहिला तर त्याला मी नावं ठेवणार नाही. पण तो उजेड गरम जातीचा आहे, आणि त्याच्या खाली टोपली घेतलेला माणूस आहे.

‘रानात रात्री चमकणाऱ्या वनस्पती असतात’

कालिदासाने ‘कुमारसंभवा’त हिमालयातल्या चमकणाऱ्या औषधींना तेलावाचून जळणाऱ्या दिव्यांची भूमिका दिली आहे, त्यामुळे या समजुतीला वजनदार पाठिंबा आहे. मात्र निसर्गात स्वतःहून चमकणारी, डोळ्यांना दिसेल इतका उजेड देणारी हिरवी वनस्पती नाही. चमकते ती बुरशी. भर पावसात सह्याद्रीत, भीमाशंकरच्या रानात आणि गोव्याच्या जंगलात कुजक्या फांद्यांवर तिचा उजेड पाहिलेला आहे. मायसीना कुळातल्या जाती त्यात येतात. उजळतं ते बहुधा लाकडात पसरलेलं बुरशीचं जाळं, म्हणून पाहणाऱ्याला लाकूडच चमकल्यासारखं वाटतं.

रॉबर्ट बॉइल यांनी १६६७ मध्ये असा लाकडाचा तुकडा काचेच्या भांड्यात ठेवून पंपाने हवा काढली. उजेड गेला. हवा सोडली, उजेड आला. निखाऱ्यावर तोच प्रयोग केला तर निखारा विझला तो विझलाच. ऑक्सिजनचं नावही कुणाला माहीत नसताना त्यांनी थंड आणि गरम उजेडातला फरक असा दाखवून ठेवला. हा उजेड बुरशीच्या काय कामाचा, तर २०१५ मध्ये ब्राझीलच्या एका चमकणाऱ्या छत्रीवर झालेल्या अभ्यासात दिसलं की रात्री कीटक त्याकडे येतात. ते बीजाणू पसरवायला मदत करत असणार. चमकणारी झाडं म्हणून अमेरिकेत २०२४ पासून पेट्युनियाची रोपं विकली जातात, ती अशाच एका बुरशीची जनुकं घालून तयार केलेली आहेत.

प्रत्यक्षात हा उजेड फोटोतल्यासारखा हिरवागार दिसत नाही. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि इतक्या मंद प्रकाशात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. दिसते ती करडी-पांढुरकी पुसट रेघ. हिरवा रंग कॅमेऱ्याने दीर्घ वेळ उघडं राहून गोळा केलेला असतो.

‘बिबट्याच्या डोळ्यांतून उजेड निघतो’ आणि ‘पाटीवर रेडियम लावलंय’

हे दोन गैरसमज एकाच चुलीवरचे. बिबट्या, मांजर, गाय यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा थर असतो. आत आलेला प्रकाश तो मागे फेकतो, म्हणजे डोळ्याला त्याच प्रकाशात दुसऱ्यांदा पाहायची संधी मिळते. बॅटरी बंद केली की डोळे विझतात. बॅटरी कपाळाजवळ धरून गवतावर मारली तर शेकडो हिरवट-निळे ठिपके चमकतात, ते बहुतेक कोळ्यांचे डोळे. इथे ऊर्जा बॅटरीची, प्रकाशही तिचाच. जनावराने आपलं काही घातलेलं नाही.

जव्हारच्या घाटात वळणावरची पाटी, ट्रकच्या मागची लाल-पांढरी पट्टी, दुचाकीच्या नंबर प्लेटवरची अक्षरं या सगळ्याला आपण सर्रास रेडियम म्हणतो, आणि ते चिकटवणाऱ्याच्या दुकानावर ‘रेडियम आर्ट’ लिहिलेलं असतं. त्यात रेडियमचा कणही नसतो. आत बारीक काचमणी किंवा सूक्ष्म प्रिझम असतात, आणि ते हेडलाइटचा प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतात. म्हणून ती पट्टी चालकाला लख्ख दिसते आणि रस्त्याकडेला उभ्या माणसाला जवळजवळ नाही. गाडीचे दिवे बंद असतील तर ती कुणालाच दिसत नाही. ‘रेडियम लावलंय ना’ म्हणून रात्री बिनदिव्याची बैलगाडी किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली काढणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं: समोरच्याचे दिवे मंद असतील किंवा नसतीलच, तर ती पट्टी फक्त रंगीत प्लॅस्टिक आहे.

खरं रेडियम वेगळं. क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये ते शोधलं. पुढे ते झिंक सल्फाइडमध्ये मिसळून घड्याळाच्या तबकड्या रंगवल्या जाऊ लागल्या. रेडियमचे किरण झिंक सल्फाइडवर आदळत आणि ते चमके. न्यू जर्सीतल्या कारखान्यात १९१७ पासून हे काम करणाऱ्या मुली कुंचल्याला टोक काढायला तो ओठात धरत. रेडियम त्यांच्या हाडांत जाऊन बसलं, जबडे कुजले, कित्येकींचा जीव गेला. त्या काळची तबकडी आज अंधारात दिसत नाही, म्हणून ती निर्धोक झाली असं समजणं धोक्याचं. झिंक सल्फाइड थकलं आहे. रेडियमचं अर्धायुष्य सोळाशे वर्षांचं आहे.

पोरांच्या खोलीत छताला चिकटवतात त्या चांदण्या तिसऱ्याच प्रकारच्या. त्यांत बहुधा स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असतं, त्यात युरोपियम आणि डिस्प्रोसियम किंचित मिसळलेलं. १९९० च्या दशकात जपानमधून हे आलं. दिवसा किंवा दिव्याखाली ते ऊर्जा साठवतं आणि काही तास हळूहळू सोडतं. किरणोत्साराचा इथे संबंध नाही.

‘विंचू अंधारात चमकतो’

नुसत्या अंधारात नाही. अतिनील बॅटरीखाली मात्र तो असा चमकतो की एकदा पाहिलेला विसरत नाही: काळा असो की लाल, अख्खा विंचू निळसर-हिरवा. त्याच्या कवचातली काही रसायनं न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही, कवच कडक होईल तसा चमकू लागतो. आणि वर्षानुवर्षं बाटलीत ठेवलेला मेलेला विंचूही चमकतो. दगडी बांध, कुडाच्या भिंती, जळाऊ लाकडाचे ढीग असलेल्या घरात ही स्वस्तातली बॅटरी मोठ्या कामाची आहे. चावल्यावर मात्र मांत्रिकाकडे न जाता दवाखाना गाठावा. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुळवलं, आणि वेळेत मिळालं तर ते जीव वाचवतं.

‘तारापूरच्या आत सगळं हिरवं चमकतं’

जव्हार-मोखाड्याच्याच जिल्ह्यात, किनाऱ्यालगत, १९६९ पासून तारापूरचं अणुवीज केंद्र चालू आहे, त्यामुळे ही कल्पना डोंगरापर्यंत पोचली आहे; थोडा हात सिनेमांचाही. किरणोत्सार डोळ्यांना दिसत नाही. तो घातक असण्यामागचं हे एक कारणच आहे. पाण्याखालच्या अणुइंधनाभोवती निळसर प्रभा दिसते ती खरी, पण तिचं कारण वेगळं: पाण्यात प्रकाश जितक्या वेगाने जातो त्याहून वेगाने कण धावले की ती पडते. तिला चेरेन्कोव्ह प्रारण म्हणतात. तुर्भ्याच्या पहिल्या अणुभट्टीला, जी १९५६ मध्ये सुरू झाली, पंडित नेहरूंनी ‘अप्सरा’ हे नाव दिलं ते या निळ्या प्रभेमुळे, असं सांगतात.

थंड उजेडाचं खरं काम तिथे कर्मचाऱ्यांच्या छातीवर असतं. एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या खिशाला लावलेला छोटा बॅज तुम्ही पाहिला असेल. ‘त्याने किरण अडतात’ असं अनेकांना वाटतं, काही वेळा लावणाऱ्यालाही. तो काहीच अडवत नाही, फक्त लक्षात ठेवतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेल्या या बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या, म्हणजे जिप्समच्या भावकीतल्या पदार्थाच्या, तीन चकत्या असतात. त्यात डिस्प्रोसियम किंचित घातलेलं असतं. किरण लागले की काही इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या खाचांत अडकून बसतात. ठरलेल्या मुदतीनंतर चकती यंत्रात तापवली की ते सुटतात आणि उजेड देतात. जितका उजेड, तितका त्या माणसाने घेतलेला किरणांचा डोस. तापवावं लागतं म्हणून हा गरम जातीचा उजेड नव्हे; उष्णता फक्त कुलूप काढते, आतला माल आधीच भरलेला असतो. तीच चकती लगेच दुसऱ्यांदा तापवली तर चमकत नाही.

‘एलईडी तापतच नाही’

हात लावून पाहा, पण पुढून नाही, मागून. एलईडीतला प्रकाश विजेने थेट निघतो, तापून नव्हे, एवढं खरं. पांढऱ्या बल्बमध्ये तर दोन थंड उजेड एकावर एक असतात: आतली चिप निळा प्रकाश देते आणि तिच्यावरचा पिवळा लेप त्यातला काही शोषून पिवळा करतो. या निळ्या चिपबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. तरीही बल्बला दिलेल्या विजेचा निम्मा किंवा त्याहून मोठा भाग बहुधा उष्णताच होतो. पाड्यावर सौरदिव्याचा बल्ब पिशवीत गुंडाळून किंवा बंद डब्यात बसवला की वर्षभरात मंदावतो, त्याचं कारण हे.

‘गारगोटीतून निघते ती आगच’

दोन पांढऱ्या गारगोट्या अंधारात एकमेकींवर जोरात घासल्या की त्यांच्या आतून नारिंगी-पांढरा उजेड येतो आणि करपल्यासारखा वास सुटतो. गुराख्यांच्या पोरांचा हा जुना खेळ. चकमकीची ठिणगी ती ही नव्हे. चकमकीत गार पोलादाचा कण खरवडते आणि तो तापून हवेत जळतो, म्हणूनच त्याने कापूस पेटतो. नुसत्या गारगोट्यांनी तासभर घासूनही कापूस पेटत नाही, आणि त्या पाण्यात बुडवून घासल्या तरी उजळतात. अगदी शुद्ध हिशेब करायचा तर या उजेडात थोडा वाटा घर्षणाने क्षणभर तापलेल्या बारीक कणांचाही असतो. दोन्ही जाती इथे मिसळलेल्या आहेत.

निर्भेळ नमुना हवा असेल तर देवघरातली खडीसाखर घ्या. साखर फोडताना उजेड दिसतो हे फ्रान्सिस बेकन यांनी १६२० मध्येच लिहून ठेवलं आहे. स्फटिक तुटतो तेव्हा फटीच्या दोन बाजूंवर विरुद्ध विद्युतभार येतात, मधल्या हवेतून सूक्ष्म ठिणगी जाते आणि हवेतला नायट्रोजन निळसर प्रकाश देतो. त्या प्रकाशाचा मोठा भाग अतिनील असतो, डोळ्याला मिळतो तो उरलेला. चिकटपट्टी झटकन ओढली तरी असंच होतं; निर्वात पेटीत ती ओढली असता एक्स-रे सुद्धा निघतात हे २००८ मध्ये कॅलिफोर्नियात दिसलं. घरी मात्र खडीसाखर बरी. खोली पूर्ण काळोखी करा, पंधरा मिनिटं गप्प बसा, मग कोरडा मोठा खडा पक्कडीत धरून एका झटक्यात फोडा. पावसाळ्यात दमट झालेला खडा नीट फुटत नाही, आधी तो उन्हात वाळवून घ्यावा. पिठीसाखर घेऊन बसलात तर काहीच दिसणार नाही. तिच्यात फोडण्याजोगा स्फटिकच उरलेला नसतो.